अडसरात धरलेली

पेपरात अडसर नेहमी वाईटच असतो. 'रस्त्याच्या कामातला अडसर दूर', 'योजनेला जागेचा अडसर'. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात अडसर हातात धरलेला नसणार, पैज लावते. माझा नवराही त्यातलाच, डोंबिवलीला वाढलेला. आमच्या शेलूच्या फ्लॅटवर टेंपोतून अडसर उतरवला, तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी तोलून बघितला आणि विचारलं, "हे कशाचं लाकूड?" मी म्हटलं, "अडसर आहे." तर म्हणतो, "अडसर म्हणजे अडथळा ना?" मी त्याच्यावर खेकसले. त्या दिवशी मला कुणावर तरी खेकसायचंच होतं. जिच्यावर खेकसायला हवं होतं ती मी स्वतःच होते, आणि स्वतःवर खेकसता येत नाही.

तर अडसर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दार आतून बंद करायचा लाकडी आडवा दांडा. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खोबणी असतात, एक खोल आणि एक उथळ. खोल खोबणीत दांडा आत सारायचा, मग उलटा ओढून उथळ खोबणीत बसवायचा. मग बाहेरून बैल जरी धडकला तरी दार हलत नाही. दिवसा हा दांडा दारामागच्या कोपऱ्यात उभा असतो. खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, तिथल्या घराचा अडसर सागाचा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

दिवसभर तो नुसता उभा असायचा असं मात्र नाही. आई त्याने वालाच्या वाळलेल्या शेंगा बडवायची. माकडं कौलांवर उतरली की अप्पा तोच घेऊन धावायचे. दोन खुर्च्यांवर आडवा टाकून त्यावर गोधड्या वाळायच्या. लहानपणी मी त्याचा घोडा करून अंगणभर फिरायचे आणि दिवेलागण झाली की आई ओरडायची, "ए भवाने, आडसर आण आधी!" मी वात्रट. मुद्दाम पडवीत लपवून ठेवायचे आणि मार खायचे.

पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. आमच्याकडे घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय अडसर घालत नाहीत. कडीसुद्धा नाही. दार नुसतं लोटून ठेवायचं, म्हणजे उशिरा येणाऱ्याला दार वाजवावं लागत नाही, आणि आपल्याच घराचं दार वाजवायचं हे आमच्याकडे वाईट समजतात. अप्पा खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जायचे तेव्हा आई दार लोटून जागी बसायची. ते आले की हात-पाय धुवायच्या आधी अडसर हातात घ्यायचे आणि विचारायचे, "सगळी आली का?" घरात मी आणि आई दोघीच. आम्ही समोर दिसत असायचो. तरी विचारायचे, आणि आई "आली" म्हणेपर्यंत थांबायचे. मग तो दांडा खोबणीत बसल्याचा ठक् असा आवाज यायचा. त्या आवाजानंतर मला लगेच झोप लागायची.

यावरून आमच्या गावात एक बोलायची पद्धत पडली आहे. अमका अडसरात धरलेला आहे, म्हणजे तो घरचा. पाहुणा आला, महिनाभर राहिला, तरी तो अडसरात धरलेला नसतो. आणि सासरी गेलेली मुलगी तर नसतेच. ती माहेरी आली तर पाहुणी. ती यायची आहे म्हणून कुणी दार लोटून ठेवत नाही, तिने दार वाजवायचं.

हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा शेजारच्या काकीने, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाच्या बायकोने, हसत हसत सांगितलं, "बाय, आता तू त्यांच्या आडसरातली गं. हितं आता लवकर दार लागतंय." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मागच्या दारी जाऊन रडले. इतका राग आला होता की काय सांगू! एकुलती एक मुलगी मी. त्या दांड्याचा घोडा मी केला, आणि मलाच त्यातून काढून टाकलं? बरं, ज्यांच्या अडसरात गेले असं म्हणत होते त्यांच्याकडे अडसर होता कुठे? फ्लॅटचं दार, त्याला लॅच, वर कडी, खाली कडी, मधे बघायचं भिंग. कोण आलं, कोण राहिलं, कुणी कुणाला विचारत नाही. ज्याची त्याची किल्ली.

तो राग मी पाळला, खरं सांगते. वरवर काही नाही, पण आत कुठेतरी होतं, की आपण आता त्या घराच्या मोजणीत नाही. म्हणूनच बहुतेक माझी 'येते' म्हणायची सवय इतकी सैल झाली.

आई गेल्यावर अप्पा एकटे राहिले. मी रोज फोन करायचे. नेरळला एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला आहे. दुपारी पेशंट कमी असले की फोन. जेवलात का, गुडघा कसा आहे, गोळी घेतली का, हे झालं की दोन्हीकडे बोलणं संपायचं. मग फोन ठेवायला काहीतरी पाहिजे म्हणून मी म्हणायचे, "बरं, शनिवारी येते हं." ते म्हणायचे, "ये." झालं. शेलूहून गाव काही परदेशात नाही. कर्जतपर्यंत गाडी, पुढे टमटम. पण शनिवार उजाडला की मुलीचा क्लास, नाहीतर कुणाचा वाढदिवस, नाहीतर उगाचच. पाच-सहा वेळा म्हणावं आणि एकदा जावं. आणि नाही जमत हे कळवायलाही मी फोन करत नसे. कशाला करायचा? मी आले काय नि नाही आले काय, दार तर लागणारच होतं.

या वर्षीच्या फेब्रुवारीत असाच एक शनिवार गेला. त्या दिवशी काय काम होतं म्हणून विचाराल तर काहीही नव्हतं. दुपारी जेवून आडवी झाले, उठले तर पाच वाजलेले, आणि कंटाळा आला. बस्स.

रविवारी सकाळी काकीचा फोन आला. "बाय, लवकर ये. भावजींच्या घरात चोर शिरला व्हता. त्यांना काय नाय झालं, तू घाबरू नको. पन ये."

घाबरू नको म्हटल्यावर माणूस जितकं घाबरतं तितकी घाबरून मी पोचले. अंगणात ही गर्दी. अप्पा ओट्यावर बसलेले, धडधाकट. त्यांना बघून जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते, ही माझी जुनी खोड आहे. आईचा तांब्याचा हंडा, पितळी परात, मिक्सर, गॅसची टाकी, पडवीतली पाण्याची मोटर, सगळं गेलं होतं. अप्पा आतल्या खोलीत झोपलेले. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना पत्ताही लागला नाही.

हवालदार पंचनामा करत होता. म्हणाला, "कडी तोडलेली नाय, कौल काढलेलं नाय. दार उघडंच होतं का काका?"

अप्पा म्हणाले, "लोटलेलं व्हतं."

"आडसर का नाय घातला?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. अगदी एक क्षण. मग जमिनीकडे बघून म्हणाले, "इसरलो."

तो एक क्षण मला तेव्हा कळायला हवा होता. माझ्या कपाळात डोळे होते की बटणं, देव जाणे.

मी सुटले. "विसरलो म्हणजे काय? चाळीस घरांच्या गावात एकटे राहता आणि दार उघडं टाकून झोपता? गळा दाबून गेला असता म्हणजे?" मी आत गेले, दारामागून अडसर उचलून आणला आणि सगळ्यांदेखत त्यांच्या नाकासमोर धरला. "हा काय शोभेला ठेवलाय? रोज हातात घेता ना? मग? आज हे विसरलात, उद्या गॅस विसराल!" गर्दीतल्या माना हलायला लागल्या. कुणी म्हणालं, "वय झालं आता." हवालदारही म्हणाला, "ताई बरोबर बोलतात काका. एकट्याने राहायचं दिवस नाय राहिलं." आणि मला, लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं. बापाची काळजी घेणारी शहाणी मुलगी, सगळं गाव बघतंय. मी त्याच भरात जाहीर करून टाकलं, "आजच्या आज शेलूला चला. हे घर बंद करायचं. आता मी एक ऐकणार नाही."

अप्पा हे घर सोडायला कधीच तयार नव्हते. आई गेली तेव्हा मी विनवण्या केल्या होत्या, तेव्हा म्हणाले होते, "मला न्यायचं तर आडवा करूनच न्या." तो माणूस त्या दिवशी ओट्यावर बसून नुसतं "बरं" म्हणाला. मला वाटलं, चोरीने हबकलेत. मी कपडे भरायला आत गेले.

कपाटातलं काढून झालं, मग स्वयंपाकघरात शिरले. चुलीशेजारी पातेली होती. ती चोराने सोडली होती, ॲल्युमिनियमची म्हणून. एकात भात, झाकलेला. एका माणसाचा नव्हता. दुसऱ्यावरचं झाकण काढलं, आणि आत वालाचं बिरडं.

आमच्याकडचे कडवे वाल ज्यांनी सोललेत त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. वाल आदल्या दिवशी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. तास जातो, पाठ मोडते. अप्पांना बिरडं आवडत नाही, पित्त होतं. मला आवडतं. शेजारी दोन ताटं पालथी घातलेली होती.

मी तिथेच पाटावर बसले. काकी चहाचे कप घ्यायला आत आली आणि मला बघून थांबली. मी विचारलं, "काकी, कोण जेवायला येणार होतं?"

"कोन म्हंजे? तूच नाय का. शनवारी येते म्हनालीस ना गं?"

"मग अडसर?"

"तू यायची म्हनून काढून ठेवलेला. दर शनवारी तसंच करतात भावजी. तू येते म्हनलीस की दार लोटून. मग सकाळी मला सांगतात, काम आलं असंल पोरीला."

"पण मला कुठे धरतात अडसरात?" माझा आवाज चिरकला. "तूच म्हणाली होतीस."

काकी म्हणाली, "मी म्हनले तसं भावजींना. आवो, सासरची ती, दार वाजवंल. तर माझ्यावरच डाफरले. माझ्या आडसरात कोन हाय नि कोन नाय, ते गाव ठरवणार का? म्हनाले, ती घरचीच हाय." मग तिने कप उचलले आणि हळूच म्हणाली, "मगाशी बोलणार व्हते मी. पन तुझा पट्टा चालू झाला, नि भावजींनी माझ्याकडं डोळं वटारलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? तसं काही होत नाही. पाट तसाच राहतो, आपणही तसेच राहतो, आणि तोंडातली चव जाते. इतकी वर्षं ज्या दांड्यातून मला काढलं म्हणून मी आत आत कुढत होते, त्यात अप्पांनी मला एक दिवसही काढलेलं नव्हतं. मी नाही आले तरी धरलेलीच होते. आणि तोच दांडा मी त्यांच्या नाकासमोर नाचवला होता.

काय करायचं ते मला स्वच्छ कळत होतं. बाहेर जायचं, आणि माणसं पांगायच्या आत मोठ्याने सांगायचं, की अप्पा विसरले नाहीत. मी येते म्हणाले आणि आले नाही, म्हणून दार उघडं राहिलं. एवढंच. तेवढं बोलले असते तर त्यांना न्यायचं कारणच उरत नव्हतं. जो माणूस आदल्या दिवशी आठवणीने वाल भिजवतो त्याची आठवण शाबूत असते, हे कुणालाही पटलं असतं.

मी बाहेर आले. हवालदार चहा पीत होता. ओट्यावरच्या चार बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आणखी चहा टाकू का?"

हो. इतकंच म्हणाले. माझ्यासारखी फटकळ बाई, समोरच्याचं बोलणं तोंडातून काढून घेणारी, तिला तेव्हा जीभ सापडली नाही.

दुपारी काकीच्या मुलाचा टेंपो आला. तो कळंबच्या रिसॉर्टना भाजी पोचवतो, मागे मेथीच्या काड्या पडल्या होत्या. सामान चढलं. दाराला बाहेरून कुलूप घातलं. अडसर बाहेरून घालता येत नाही, त्याला आत माणूस लागतं, म्हणून अप्पांनी तो बरोबर घेतला. मी नको म्हणू शकले नाही. आम्ही दोघे मागे सामानात बसलो, आणि अंगण नजरेआड झाल्यावर मी त्यांना विचारलं, "अप्पा, खोटं का बोललात? विसरलो का म्हणालात?"

ते मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "मग काय सांगू? माझ्या पोरीला यायला येळ नाय, असं सांगू? म्हाताऱ्याचं इसरनं लोकं चालवून घेतात गं. तुझं नसतं चाललं."

मी म्हटलं, "परत जाऊया. मी सांगते सगळ्यांना."

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "एवढ्या माणसांत बोललीस. आता तुझं खोटं पाडू का?"

मी टेंपो थांबवायला सांगायला हवं होतं. मागून पत्रा वाजवला असता तरी तो थांबला असता. मी मेथीच्या काड्या मोडत बसले, आणि नेरळ आलं, मग शेलू.

तेव्हापासून अप्पा आमच्याकडे आहेत. फ्लॅटच्या भिंतीत खोबणी नाहीत, म्हणून अडसर दारामागे उभा असतो. रात्रीच्या जेवणाआधी ते हॉलमध्ये येऊन विचारतात, "सगळी आली का?" नवरा मोबाईलमधून मान वर न करता "हो" म्हणतो, मुलगी हसते. मग ते दांडा दाराच्या फटीशी फरशीवर आडवा टाकतात. त्याने काहीच अडत नाही. सकाळी दूधवाला येतो तेव्हा मी तो पायाने बाजूला सारते. आणि संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत दार नुसतं लोटलेलं असतं, लॅच वर करून ठेवलेला. मी किल्ली काढायचीच सोडून दिली आहे.

गेल्या आठवड्यात मला उशीर झाला. जिना चढून वर आले तर समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आमच्या दाराशीच उभ्या. समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, राग मानू नका हं. तुमचे बाबा रोज दार उघडं ठेवतात. वॉचमनही म्हणत होता. वय झालं की होतं असं, माझ्या सासऱ्यांचंही झालं होतं. विसरतात."

मी त्यांच्याकडे बघितलं. आत हॉलमध्ये अप्पा टीव्हीसमोर बसलेले दिसत होते, पाठमोरे.

"ते विसरत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की बाई एक पाऊल मागे सरकल्या. "ते काही म्हणजे काही विसरत नाहीत. मी यायची बाकी होते, म्हणून दार उघडं आहे. गावालाही तसंच होतं. तिथेही मीच आले नव्हते."

बाईंना काय कळणार त्यातलं? "बरं बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला मात्र छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. आत आले, दार लावलं, चप्पल काढली. अप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केलेला होता. म्हणजे ऐकलं होतं सगळं. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. अडसर घेतला आणि वाकून दाराशी आडवा टाकला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"हे तिकडं बोलली असतीस, तर घरी असतो गं मी."